मोकळी कोंबडी म्हणजे सोडून दिलेली कोंबडी नव्हे



आमच्या शेतावर कोणी आलं की कोंबड्या पाहून दोनच गोष्टी बोलतात. कृषी शिकलेली पोरं म्हणतात, "काका, हे फ्री रेंज, अ‍ॅनिमल वेलफेअर म्हणजे परदेशातलं फॅड. आपल्या भंडाऱ्यात कसं काय आलं?" आणि माझ्या वयाचे शेतकरी म्हणतात, "यात नवीन काय हाये? आमची माय अशाच कोंबड्या पाळत होती." दोघांचंही अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं समजायला कोंबडीचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो. म्हणून आज खत-फवारणीचं न लिहिता हे लिहितो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

भात आणि कोंबडी

कोंबडी मूळची रानातली. आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्यापासून ती माणसाळली, हे २०२० साली शास्त्रज्ञांनी आठशेहून जास्त कोंबड्यांचे जनुक तपासून पक्कं केलं. पण ती माणसाजवळ आली कशी? २०२२ साली जुनी हाडं तपासून एक अभ्यास छापून आला. थायलंडमधल्या बान नॉन वाट नावाच्या जागी सापडलेली हाडं घरगुती कोंबडीची सगळ्यात जुनी मानली गेली, साधारण ३,२०० ते ३,६०० वर्षांपूर्वीची. आणि ती तिथं दिसतात भातशेतीच्या सोबत. माणसानं जंगल साफ करून धान पेरलं, दाणे सांडले, साठवले, आणि रानकोंबडी त्या दाण्यामागे गावाजवळ आली. म्हणजे सुरुवात माणसाच्या पिंजऱ्यापासून नाही, धानाच्या दाण्यापासून झाली.

हे वाचलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. धानाचं खळं निघालं की कोंबड्या कुठून कुठून जमा होतात, हे आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत आहे. मोहाडी, तुमसर, साकोली, पवनी, कुठंही जा, बांधी तिथं धान आणि धान तिथं कोंबडी.

आणखी एक गंमत. कोंबडीचे पिवळे पाय आपण रोज पाहतो. तो पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेलाच नाही. २००८ साली कळलं की कातडीच्या पिवळेपणाचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलं, आणि हा करडा रानकोंबडा आपल्या हिंदुस्थानातला पक्षी आहे. म्हणजे जगातल्या पिवळ्या पायाच्या प्रत्येक कोंबडीत, अगदी बंद शेडमधल्याही, आपल्या रानाचा थोडा वाटा आहे.

हा इतिहास का सांगतो? कारण कोंबडीला काय लागतं ते इथंच ठरलं. दिवसभर माती उकरायची, पालापाचोळ्यातला किडा शोधायचा. अंगातल्या उवा-पिसवा घालवायला धुळीत लोळायचं. रात्री उंचावर बसायचं. अंडं द्यायला आडोसा शोधायचा. घार दिसली की झुडपात शिरायचं. साडेतीन हजार वर्षांत माणसानं तिचा आकार बदलला, रंग बदलला, अंडी वाढवली. हा स्वभाव मात्र गेला नाही. पिंजऱ्यातल्या कोंबडीला धूळ मिळत नाही तरी ती जाळीवर लोळायची धडपड करते.

मायची सांदवाडी

आता आपल्या घरी येऊ. माझं लहानपण १९७० नंतरचं. आमच्या सांदवाडीत आठ-दहा कोंबड्या असायच्या. त्यांचा हिशेब बाबांकडे नव्हता, मायकडे होता. धानाचा पैसा पुरुषाचा आणि अंड्याचा पैसा बाईचा, असा न बोललेला नियम होता. वहीपेन्सिल, औषधगोळी, पाहुणा आला तर रस्सा, सगळं त्यातून. एखाद्या गरीब घरी कोंबडी बटईनं द्यायची, पिल्लं निघाली की अर्धी तिची अर्धी आपली. त्या पिल्लांतून शेळी आणि शेळीतून गाय केलेली घरं मी पाहिली आहेत. तेव्हा गावात बँक नव्हती, बाईला कर्ज देणारं तर कोणीच नव्हतं. कोंबडी हेच तिचं खातं होतं.

खाद्य म्हणाल तर विकत काहीच नाही. कनकी, कोंडा, खळ्यावरचं मातेरं, लाखोळीची चूर, तणसीच्या ढिगाखालचे किडे. आपली देशी कोंबडी एका वेळी बारा-पंधरा अंडी द्यायची आणि खुडूक बसायची. २१ दिवस टोपल्यात तणसीवर बसून पिल्लं काढायची आणि पुढं दोन-अडीच महिने त्यांना घेऊन फिरायची. वर्षाला पन्नास-साठ अंडी मिळाली तर भरपूर.

इथपर्यंत ऐकलं की आमच्या वयाची माणसं म्हणतात, "बघा, किती चांगले दिवस होते!" पण थांबा. कोंबडीच्या बाजूनं पाहिलं तर ते दिवस तितके चांगले नव्हते.

एक म्हणजे रात्रीचं खुराडं. हवा नाही, उजेड नाही, खाली ओली घाण. त्यात मुंगूस किंवा रानमांजर शिरलं की सकाळी नुसती पिसं. दुसरं म्हणजे बाजार. पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या सायकलच्या हँडलला टांगून दहा-बारा किलोमीटर न्यायच्या, हे तेव्हा कोणालाच वावगं वाटत नव्हतं. तिसरा कोंबडबाजार. पायाला काती बांधून कोंबडे झुंजवायचे आणि त्यावर पैसे लावायचे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं अशा झुंजी गुन्हा ठरवल्या, तरी चोरून कुठं कुठं चालतच राहिल्या.

आणि चौथी, सगळ्यात मोठी, मानमोडी. हिरवी हगवण लागायची, पंख गळायचे, मान वाकडी व्हायची आणि दोन-चार दिवसांत सगळी सांदवाडी रिकामी. एका साली आमच्या आळीत सांगायलाही कोंबडी उरली नाही. माय काही बोलली नाही. रिकामं खुराडं झाडून घेतलं, त्यात गोवऱ्या भरल्या. पण त्या वर्षी तिचा स्वतःचा म्हणून एक रुपया हाती नव्हता, आणि शाळेच्या फीसाठी तिला बाबांपुढं हात पसरावा लागला. कोंबडी मेली म्हणजे काय मेलं, ते मला तेव्हा कळलं.

औषध होतं, पोचत नव्हतं

मानमोडीचं पुस्तकातलं नाव राणीखेत. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ हा रोग ओळखला गेला आणि त्याच सुमारास आपल्याकडे कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला सापडला. म्हणून जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात, आपण राणीखेत म्हणतो. तिकडेच मुक्तेश्वरला सरकारी पशुवैद्यक संशोधन संस्था होती. तिथं १९४० च्या दशकात जी लस तयार झाली, तीच आजची आर-टू-बी, मुक्तेश्वर लस. पुढं पुण्याच्या औंधमधल्या सरकारी संस्थेतही लसी तयार होऊ लागल्या. म्हणजे माय रिकामं खुराडं झाडत होती तेव्हा लस देशात होती.

मग आमच्या सांदवाडीत का नव्हती? हे नीट समजून घ्या, कारण आजही तीच अडचण आहे. लशीची एक कुपी १०० किंवा २०० कोंबड्यांची. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा घोळली की दोनेक तासांत संपवावी लागते. एका घरी कोंबड्या आठ. आठ कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडणार आणि बर्फाचा डबा घेऊन कोण येणार? लस शेडच्या मापाची होती, सांदवाडीच्या मापाची नव्हती. याचा तोड एकच, आळीतल्या सगळ्या घरांनी एक दिवस ठरवून एकत्र लस टोचून घ्यायची. आमच्या गावात आता बचत गटाच्या बाया हेच करतात. संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात आल्यावर, एका कुपीत पंधरा घरं.

शेड आलं

गावात कोंबडी मरत होती त्याच काळात शहराजवळ दुसरी कोंबडी वाढत होती. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि १९८२ साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली. अंड्याचा भाव व्यापाऱ्यानं नाही तर उत्पादकानं सांगायचा, ही त्यामागची गोष्ट. 'संडे हो या मंडे' ची जाहिरात आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. शेडला नुसत्या शिव्या देणं मला पटत नाही. गरीबाच्या ताटात स्वस्त अंडं शेडमुळेच आलं. पांढरी लेगहॉर्न जातीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, म्हणजे मायच्या पाच कोंबड्यांचं काम एकटी करते. लस, दिवाबत्ती, खाद्याचं माप, सगळं वेळेवर मिळतं.

पण त्याची किंमत कोंबडीनं मोजली. अंड्याच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला वहीच्या मोठ्या पानाएवढीही जागा येत नाही. पंख पसरता येत नाही, माती नाही, बसायला दांडी नाही. मांसाच्या कोंबडीचं दुखणं निराळं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं १९५७ सालच्या, १९७८ सालच्या आणि २००५ सालच्या जातीची पिल्लं एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवली. ५६ दिवसांनी वजन भरलं अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. पन्नास वर्षांत साडेचार पट. बैल तोच आणि गाडीत ओझं साडेचार पट घातलं तर त्याचं काय होईल? ब्रॉयलरचे पाय तसेच होतात. शेवटच्या आठवड्यात बरीच पिल्लं चालायच्या ऐवजी बसूनच राहतात.

यावर पहिला मोठा आवाज उठला तो इंग्लंडमध्ये. १९६४ साली रूथ हॅरिसन या बाईंनी 'अ‍ॅनिमल मशीन्स' नावाचं पुस्तक लिहिलं. लोक इतके हलले की सरकारला ब्रॅम्बेल समिती नेमावी लागली. १९६५ च्या अहवालात समितीनं म्हटलं की जनावराला निदान उभं राहता, आडवं होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. त्यातूनच पुढं 'पाच स्वातंत्र्यं' आली. भूक-तहान नको, गैरसोय नको, दुखणं-रोग नको, भीती नको, आणि स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक पाहिजे. युरोपात २०१२ पासून अंड्याच्या कोंबडीचे जुने उघडे पिंजरे बंद झाले.

आता त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. हे सगळं परदेशातलं आहे का? तर नाही. रूथ हॅरिसनच्या पुस्तकाच्या चार वर्षं आधी, १९६० साली, आपल्या संसदेनं कायदा केला होता. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा राज्यसभेतला आग्रह होता. त्या कायद्याच्या कलम ११ मध्ये लिहिलं आहे की जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या खटल्यात ती पाच स्वातंत्र्यं आपल्या कायद्यात धरली. २०१७ साली विधी आयोगानं आपला २६९ वा अहवाल खास अंड्याच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवरच दिला. शब्द आपल्याकडे होताच, अंमल राहिला.

देशीसारखी दिसणारी

मधली वाट सरकारी विद्यापीठांनी काढली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राची वनराज आणि ग्रामप्रिया. रंगीत पिसं, सांदवाडीत फिरणाऱ्या, देशीपेक्षा दुप्पट-तिप्पट अंडी. आपल्या भागात या पिल्लांनी बऱ्याच घरांना हात दिला. २०१९ च्या पशुगणनेत देशात एकूण ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-पक्षी निघाले. त्यातली परसातली संख्या ३१ कोटी ७० लाख. आधीच्या गणनेपेक्षा शेडवाली साडेचार टक्के वाढली आणि परसातली तब्बल ४५ टक्क्यांवर. ज्याला आपण संपलं म्हणत होतो ते असं वाढलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. अंडी वाढवताना पिल्लं काढायची ओढ कमी झाली. दरवेळी पिल्लं विकत आणायची तर बाईचं खातं पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेलं. म्हणून आम्ही दोन्ही ठेवतो. ग्रामप्रिया अंड्याला, आणि सात-आठ गावठी कोंबड्या पिल्लं काढायला. गावठीखाली दुसरीची अंडी ठेवली तरी ती भेद करत नाही.

रोगानं शिकवलेलं

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२० ला कोंबडीतून कोरोना होतो अशी खोटी अफवा उठली आणि भाव मातीत गेला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात दोन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या, तपासणीत बर्ड फ्लूच निघाला. २०२४ च्या मार्चमध्ये तर नागपूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातच तो सापडला.

यातून काही जण म्हणतात मोकळी कोंबडीच धोक्याची. काही म्हणतात शेडच धोक्याचं. माझं म्हणणं, धोका दोन्हीकडे आहे, फक्त निराळा. शेडमध्ये रोग शिरला की हजारो एका दमात जातात. मोकळ्या कोंबडीला रानपाखराकडून लागण होऊ शकते. आणि आपला जिल्हा तर तलावांचा. मालगुजारी तलाव, बोड्या, गोसीखुर्दचं पाणी. हिवाळ्यात बाहेरगावची बदकं उतरतात. म्हणून कार्तिकपासून शिमग्यापर्यंत आमच्या कोंबड्या बोडीच्या काठी जात नाहीत. जाळी लावली आहे, पाणी आतच ठेवतो, आणि उरलेलं खाद्य उघड्यावर सांडू देत नाही. मोकळीक म्हणजे कुठंही जाणं नव्हे.

आमच्या घरचा निर्णय

चार वर्षांपूर्वी एक कंपनीवाला आमच्याकडे आला. पाच हजार पक्ष्यांचं शेड बांधा म्हणाला. ही करारावरची पद्धत १९९० च्या दशकात कोइंबतूरकडे वाढली आणि हळूहळू इकडे आली. मुलगा म्हणाला, "बाबा, पिल्लं त्यायची, दाना त्यायचा, डॉक्टर त्यायचा. आपल्याले फक्त शेड बांधाचा हाये अन् सांभाळाचं हाये." त्याचं चूक नव्हतं. चार एकर धानात दोन घरं चालत नाहीत, हे मलाही कळतं. त्याला लग्नाला मुलगी पाहायला सुरुवात केली होती आणि हाताला काम पाहिजे होतं.

आम्ही तिघं, मी, तो आणि त्याची आई, तीन रात्री हिशेबाला बसलो. शेडचं कर्ज आपल्या सातबाऱ्यावर. पिल्लू त्यांचं, भाव त्यांचा, उचलायचा दिवस त्यांचा. अफवेच्या साली शेजारच्या गावात एकाचं शेड पाच महिने रिकामं राहिलं आणि हप्ता चालूच होता, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी त्याच्या आईनं विचारलं, "रातच्याले पंखा बंद पडला अन् लाईट गेली तं जीव कोणाचे जातीन?" त्यावर मुलगाही गप्प झाला.

आम्ही छोटं धरलं. आज दीडशे कोंबड्या आहेत. रात्रीचं घर जमिनीपासून अडीच फूट वर, एका पक्ष्याला दोन चौरस फूट, बसायला बांबूच्या दांड्या, दोन बाजूंनी जाळी. मुंगूस शिरत नाही आणि वास कोंडत नाही. पाच कोंबड्यांमागे एक अंड्याचा खोका, अंधारात. राखेचा खड्डा. दहा कोंबड्यांना एक कोंबडा. लसोटा पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो चौदाव्याला, लसोटा पुन्हा अठ्ठाविसाव्याला, देवीची लस सहाव्या आठवड्यात, आर-टू-बी आठव्याला. धान निघालं की बांध्या मोकळ्या, तेव्हा दोन महिने खाद्याचा खर्च निम्म्यावर येतो. रोवणीच्या दिवसांत आणि फवारणीनंतर मात्र कुंपणाच्या आत. विकताना पाय बांधत नाही, जाळीच्या क्रेटमध्ये नेतो. बाजारात लोक आधी हसले, आता दोघा-तिघांनी तेच क्रेट घेतले.

पैसा किती? लाखाचे आकडे सांगणार नाही. घरखर्च निघतो, धानाचा पैसा धानाला राहतो, आणि अंड्याचं पाकीट मुलाच्या आईच्या हाती आहे. मुलगा गावात राहिला. सून आली, ती लशीचा डबा सांभाळते.

तर मंडळी, जुन्या शेतकऱ्याला माझं उत्तर असं. मायची कोंबडी मोकळी होती, पण वाऱ्यावर होती. शेडच्या कोंबडीची राखण होते, पण ती कोंडलेली आहे. पाच स्वातंत्र्यं वाचली तर दिसेल, सांदवाडीनं त्यातलं एक पुरतं दिलं आणि शेडनं दुसरी दोन. सगळी एकत्र द्यायचं काम आपल्या पिढीवर आलं. लस आहे, जाळी आहे, धान आहे, जागा आहे.

या महिन्यात आपल्या आळीत कोणाकडे किती कोंबड्या आहेत ते मोजा. शंभर भरल्या की एक कुपी आणा. बाकीचं नंतर.

जय किसान.